केफर हार्टलाइन : डोळ्याचे ठोके मोजणारे शास्त्रज्ञ



फळ्यावरचं दिसतंय का, असं आपण वर्गात रोज विचारतो. पण दिसणं म्हणजे नेमकं काय? हे शोधण्यात आयुष्य घालवलेल्या हॅल्डन केफर हार्टलाइन यांची आज ओळख करून घेऊया.

त्यांचा जन्म २२ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील ब्लूम्सबर्ग इथे झाला. आईवडील दोघंही तिथल्या अध्यापक विद्यालयात शिकवायचे. केफर यांनी १९२७ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली, पण दवाखाना काही काढला नाही. ते संशोधनाकडे वळले.

प्रयोगासाठी त्यांनी निवडला घोड्याच्या नालेसारखा दिसणारा एक समुद्री जीव. त्याला खेकडा म्हणतात खरं, पण आपल्या कुंभवलीच्या बाजारातल्या चिंबोरीपेक्षा त्याचं नातं विंचू-कोळ्यांशी जवळचं! १९३२ मध्ये क्लॅरेन्स ग्रॅहम यांच्यासोबत त्यांनी त्याच्या डोळ्यातील एकाच चेतातंतूचे विद्युत संदेश नोंदवले.

हे वर्गात टाळ्यांनी दाखवता येईल. अंधुक प्रकाश असेल तर हळूहळू टाळ्या, प्रखर असेल तर भराभर. प्रत्येक टाळीचा आवाज मात्र सारखाच. चेतातंतूही असंच करतो. प्रकाश वाढला की ठोका मोठा होत नाही, ठोक्यांची संख्या वाढते. अर्थात दसपट प्रकाशाला दसपट ठोके पडत नाहीत, वाढ बरीच कमी असते.

पुढे बेडकाच्या डोळ्यावर काम करताना त्यांना दिसलं, की प्रत्येक तंतूचं स्वतःचं एक छोटं क्षेत्र असतं. त्या क्षेत्रात प्रकाशाचा ठिपका मोठा केला, तर मंद प्रकाशही पुरतो. त्या समुद्री जीवाच्या डोळ्यात आणखी एक गंमत सापडली. शेजारचे घटक एकमेकांना गप्प करतात, त्यामुळे उजेड आणि अंधार यांची सीमारेषा अधिक ठळक होते.

१९६७ मध्ये त्यांना रॅग्नर ग्रॅनिट आणि जॉर्ज वॉल्ड यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. १७ मार्च १९८३ रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, मागच्या बाकावर अक्षर लहान होऊन पोहोचतं. त्यात फळा पांढुरका झालेला असेल, तर कडाही पुसट होतात. म्हणून फळा स्वच्छ पुसा, अक्षर मोठं काढा. तरीही मूल शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहीत असेल, तर त्याला रागावण्याआधी पुढे बसवून पाहा आणि पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगा.