गाव सुटलं, ढोलकी नाही सुटली

अण्णा भाऊ साठे म्हटलं की 'फकिरा' कादंबरी आठवते. पण पोटासाठी गाव सोडलेल्या माणसांसाठी त्यांनी जे केलं, ते तुमच्या-आमच्या गावकारभाऱ्यांनी आज मुद्दाम ध्यानात घ्यावं असं आहे.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. घरात खायची भ्रांत, म्हणून अकरा-बारा वर्षांचं हे पोर आईबापाबरोबर पायी मुंबईला निघालं. तिथं पडेल ते काम केलं, गिरणीतही राबले. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं जुळवली. राहायला पुढं घाटकोपरची चिरागनगर झोपडपट्टी.

त्या काळी गिरणगावात सातारा, कोकण, घाटमाथ्यावरची हजारो माणसं होती. बायकापोरं गावी, आपण खोलीत दाटीवाटीनं. अशा माणसाला कोरडं भाषण काय कामाचं? दिवसभर राबून थकलेला गडी ढोलकी वाजली की मात्र उठून बसतो. हे अण्णा भाऊंनी ओळखलं. १९४४ साली बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

तमाशाचा बाज त्यांनी गावाकडचाच ठेवला, आशय बदलला. गणात मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन, गौळण वगळली, अन् वगात आला मालक, सावकार आणि कामगार. बघणाऱ्याला आपलीच गोष्ट समोर दिसू लागली. सरकारनं मध्यंतरी बंदी घातली, तरी पथक हटलं नाही. 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोची ओढ आहे. तीच ओढ त्यांनी महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवारशी जोडली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड घराघरांत पोचली.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. अखेरचा काळ हलाखीतच गेला.

आता आपल्या शिवाराकडे बघा. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, चार-पाच महिने कोप्यांत राहतात. त्यांचा कोयता आपल्याला चालतो, पण त्यांचं गाणं, भारूड आपण कधी ऐकलंय का? त्यांच्यातही गळ्याचे अन् ढोलकीचे गडी आहेत. सरपंच, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी यंदाच्या जत्रेत त्यांना तासभर फड द्यावा. वेळ मुकादमाला नव्हे, टोळीतल्या बायाबापड्यांना विचारून ठरवावी. त्या पहाटेच फडात जातात. पुढं बसून आधी ऐकावं. कोपीत पाणी नाही, पोरांची शाळा बुडते, हे अर्जात येत नाही ते गाण्यात येतं. ते ऐकून ग्रामसभेत विषय घेतला, तर वाटेगावच्या या सुपुत्राचं नाव घेण्याचा आपल्याला अधिकार राहील.