विवेकाचा खराटा : संत गाडगेबाबा

गणपती ही बुद्धीची देवता. म्हणून स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा श्रद्धेला बुद्धीची जोड देणारे संत गाडगेबाबाच डोळ्यांसमोर आले. मी व्यवसायाने डॉक्टर. एम.बी.बी.एस. भारतात केले आणि पुढे नोकरीनिमित्त सौदी अरेबियात जेद्दाला आलो. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण सार्वजनिक आरोग्याचा त्यांच्याएवढा मोठा शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. देवकार्य असो की बारसे, मटण आणि दारू हवीच, अशी तेव्हाची रीत. त्या दारूनेच वडील अकाली गेले. आई सखूबाई डेबूला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे त्याने गुरे राखली, शेती कसली आणि मामांची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने दारू-मटण बंद करून गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले, पण डेबू बधला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हाती खराटा, दुसऱ्या हाती मातीचे गाडगे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. कीर्तनात देवाचा गजर असे आणि लोकांना विचारलेले साधे साधे प्रश्नही असत. मुक्या जनावराचा जीव घेऊन देव कसा प्रसन्न होईल? कर्ज काढून सण कशाला? लोक हसत आणि हसता हसता विचारात पडत.

या खराट्याचे मोल डॉक्टरला चटकन कळते. त्या काळी पटकी आली की लोक मरीआईला बोकड बोलत. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला होता, पण ही गोष्ट गावागावांत सांगणार कोण? वारीच्या गर्दीत रोग पसरे. पंढरपुरात बाबा दर्शनाच्या रांगेऐवजी चंद्रभागेचे वाळवंट झाडत. मी राहतो त्या देशानेही हा अनुभव घेतला आहे. १८६५ मध्ये हज यात्रेत पटकीची मोठी साथ आली आणि यात्रेकरूंबरोबर ती युरोपापर्यंत पोचली. आज मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय हजला येता येत नाही. भक्ती तीच राहिली, तिला विज्ञानाची साथ मिळाली.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांची सोय केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे शिक्षणासाठी सोपवली. स्वतःसाठी मात्र काहीच ठेवले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

पण काम संपलेले नाही. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला तो २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर. आजही गावाकडून मला फोन येतात. कुणाची कावीळ मंत्राने उतरवायची असते, तर कुणाला नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो अशी भीती असते. नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार आहे. ती मज्जातंतूच्या वाटेने शरीराच्या एकाच बाजूला उठते. पुरळ आल्यापासून ७२ तासांत औषध सुरू केले तर उत्तम गुण येतो. मांत्रिकाकडे चकरा मारण्यात नेमके हेच तीन दिवस वाया जातात.

म्हणून वाचकहो, आरती मनापासून करू या, देवापुढे हात जोडू या. मात्र घरात आजार आला तर आधी डॉक्टरकडे जाऊ या. बाबांचा देव त्यावर रागावणार नाही, उलट संतुष्टच होईल.

गणपती बाप्पा मोरया!