हॅरी स्मिथ: भंगारात जाणारी गाणी वाचवणारा माणूस

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांमध्ये लाख असायची आणि ती मुख्यतः भारतातून जायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखेचा तुटवडा पडला, तशा जुन्या तबकड्या भंगारात निघाल्या. नेमका त्याच काळात हॅरी स्मिथ त्या जमवत होता. १९२३ साली ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला जन्मलेल्या या पठ्ठ्याला गाजलेली गाणी नकोच होती. त्याला हवे होते विसरलेले गायक.

पुढे न्यूयॉर्कमध्ये हातात पैसा नव्हता, म्हणून तो संग्रह विकायला फोकवेज कंपनीच्या मोझेस ॲशकडे गेला. ॲशने त्यालाच निवडक गाणी काढायला बसवलं. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. १९४८ मध्ये आलेल्या व्हायनल एलपीवर वीसेक मिनिटं. त्यामुळेच १९५२ मध्ये ८४ गाणी सहा एलपींत बसली.

त्यात १९२८ चा मिसिसिपी जॉन हर्टही होता. १९६३ मध्ये चाहत्यांनी त्याला गावी शोधून काढलं आणि म्हातारपणी तो पुन्हा मंचावर आला.

हॅरीला ग्रॅमी मिळालं १९९१ मध्ये. त्याच वर्षी तो गेला. माळ्यावरच्या तबकड्या रद्दीत देताय? आधी एकदा लावून ऐका.