डॉ. वाइल्डर पेनफिल्ड : मेंदूची आधी परीक्षा, मग शस्त्रक्रिया

अपस्माराच्या रुग्णावर मेंदूची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी त्याची स्मरणशक्ती, भाषा व नियोजनक्षमता यांची तपासणी करणे आज आवश्यक मानले जाते. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वाइल्डर पेनफिल्ड अग्रगण्य होत. तिची निकड त्यांना जाणवली ती सख्ख्या बहिणीच्या आजारपणात.

पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन येथे झाला. ऑक्सफर्डला त्यांनी सर चार्ल्स शेरिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली मज्जासंस्थेचा अभ्यास केला. १९२८ मध्ये ते कॅनडातील माँट्रियल येथे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी बहीण रूथ यांच्यावर शस्त्रक्रिया केली. रूथ यांना अनेक वर्षे झटके येत असत. त्याचे मूळ मेंदूतील गाठीत होते. गाठीबरोबर मेंदूच्या उजव्या पुढील भागाचा मोठा हिस्सा काढावा लागला.

रूथ सावरल्या. बोलणे, स्मरण, सौजन्य यांत उणीव दिसेना. परंतु सव्वा वर्षाने एका पाहुण्यासाठी आणि घरच्या चौघांसाठी साधा स्वयंपाक करताना त्या गोंधळून गेल्या. सारे साहित्य समोर होते. कशानंतर काय करायचे, हेच उमगत नव्हते. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. १९३५ मध्ये पेनफिल्ड यांनी ही हानी वैद्यकीय नियतकालिकात प्रांजळपणे नोंदवली.

१९३४ मध्ये त्यांनी माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभारली. तेथे रुग्णाला जागे ठेवून, मेंदूला सौम्य विद्युतप्रवाहाचा स्पर्श करीत वाचा व हालचालींची केंद्रे शोधली जात. १९३७ मध्ये डोनाल्ड हेब हे मानसशास्त्रज्ञ तेथे आले. मेंदूचा पुढील भाग काढूनही बुद्ध्यंक फारसा घटत नाही, असे त्यांना आढळले. प्रचलित चाचण्या अपुऱ्या आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९५० पासून ब्रेंडा मिल्नर यांनी रुग्णांची पद्धतशीर तपासणी सुरू केली. त्या काळात कानशिलाजवळचा डावा भाग काढलेल्या दोन रुग्णांची नवे काही लक्षात ठेवण्याची शक्ती नाहीशी झाली. उजवी बाजू आधीच निकामी असावी, असा तर्क मिल्नर व पेनफिल्ड यांनी केला. त्यांपैकी एकाच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये, मेंदूच्या तपासणीत तो खरा ठरला. असा अनर्थ टाळण्यासाठी मेंदूचा एक अर्धा भाग काही मिनिटे औषधाने निद्रिस्त करून दुसऱ्याची क्षमता पाहणारी, जून वाडा यांची चाचणी माँट्रियलमध्ये रूढ झाली.

५ एप्रिल १९७६ रोजी पेनफिल्ड यांचे निधन झाले. त्यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९५२ मध्ये वेल्लोरला अपस्मारावर शस्त्रक्रिया करून भारतात या उपचाराचा प्रारंभ केला. भाषेची व स्मृतीची परीक्षा मात्र रुग्णाच्या मातृभाषेतच घ्यावी लागते. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बेतली, तिचे मोल येथे कळते. बिबवेवाडीतील मुलाला इंग्रजी शब्दांची यादी आठवली नाही, तर तो दोष मेंदूचा की परक्या भाषेचा, हे आधी ठरवावे लागेल.