लखनौचे स्टॅन्ली जोन्स : राज्यसत्ता, मालकी आणि सद्‌सद्‌विवेक

राज्यसत्तेची आज्ञा कोठवर पाळावी आणि हाती आलेल्या संपत्तीवर आपला हक्क कोठवर मानावा, हे दोन प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांपुढे पहिल्या शतकापासून उभे आहेत. ते ग्रंथात सोडविणारे पुष्कळ; स्वतःच्या आयुष्यात सोडवू पाहणारे थोडे. त्या थोड्यांपैकी ई. स्टॅन्ली जोन्स हे एक होत.

जोन्स यांचा जन्म ३ जानेवारी १८८४ रोजी अमेरिकेतील मेरीलँडमध्ये झाला. १९०७ मध्ये मेथडिस्ट मिशनने त्यांना लखनौच्या लालबाग चर्चमध्ये पाळक म्हणून पाठविले. पुढे सीतापूर परिसरात काम करताना, आणि नंतर सुशिक्षित हिंदू-मुसलमानांच्या सभांतून बोलताना, पाश्चात्त्य संस्कृती आणि ख्रिस्त यांची फारकत केल्याविना आपले म्हणणे येथे रुजणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. १९२५ च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचा हाच गाभा होय. १९२८ मध्ये ते बिशप म्हणून निवडून आले. परंतु अधिकारग्रहणापूर्वीच त्यांनी ते पद सोडले.

मराठी वाचकाला येथे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मिशनच्या वेतनावर जगणारा उपदेशक लोकांचा होऊ शकत नाही, या जाणिवेने त्यांनी १९१७ मध्ये वेतन सोडून साताऱ्यास देवाचा दरबार उभारला. जोन्स यांचा मार्गही त्याच दिशेचा होता. १९३० मध्ये त्यांनी कुमाऊँतील साततालास आश्रम काढला. तेथे आठवड्यातून एक दिवस नोकरांना सुटी असे आणि शौचकूप साफ करण्यासह त्यांची सर्व कामे आश्रमवासी वाटून घेत. १९३५ मध्ये लखनौतही आश्रम सुरू झाला.

१९३४ मध्ये रशिया पाहून आल्यावर, साम्यवादाला ख्रिस्ताचा पर्याय कोणता, या प्रश्नावर त्यांनी पुढील वर्षी ग्रंथ लिहिला. नाझरेथच्या सभास्थानातील येशूच्या प्रवचनाकडे त्यांनी सामाजिक कार्यक्रम म्हणून पाहिले. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, हा जुन्या करारातील निर्बंध त्यांना या प्रवचनात पुन्हा उच्चारलेला दिसला. माणसाला कार्यक्षम ठेवण्यापुरती मालकी न्याय्य; त्यापलीकडचे दुसऱ्याच्या गरजेचे, हा त्यांचा निष्कर्ष होय. हिंसा आणि सक्ती मात्र त्यांनी नाकारली.

खरी कसोटी १९३९ मध्ये लागली. परदेशी मिशनांना सरकारशी एकनिष्ठ राहण्याची हमी द्यावी लागे. भारताला न विचारता युद्धात ओढले गेल्यावर लखनौ आश्रमाचे प्रमुख जे. होम्स स्मिथ यांनी राल्फ टेम्प्लिन आणि पॉल कीन यांच्यासह ख्रिस्ताग्रह नावाचे निवेदन काढून या हमीतून मोकळे होण्याचा आपला हक्क सांगितला. परिणामी त्यांना भारत सोडावा लागला आणि लखनौचा आश्रम बंद पडला. स्मिथ यांनी पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आश्रम काढला. स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या जोन्स यांनाही युद्धकाळात भारतात परतण्याची परवानगी मिळाली नाही.

या प्रसंगात जोन्स यांच्या विचाराचे सामर्थ्य दिसते, तशी त्याची मर्यादाही. मिशनच्या शाळा, दवाखाने, जमिनी आणि सरकारी अनुदाने ही सेवेची साधने होती, हे खरे; परंतु तीच तोंड बंद ठेवण्याची किंमतही ठरली. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ आहे, त्याला आज्ञाभंग परवडत नाही. म्हणून आरंभी सांगितलेले दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत. जोन्स यांनी व्यक्तीच्या मालकीला गरजेची सीमा घातली. संस्थेच्या मालकीला ती कशी घालावी, हे मात्र ते दाखवू शकले नाहीत.

युद्धानंतर ते परतले. १९४८ मध्ये त्यांनी गांधीजींवर लिहिलेले पुस्तक मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वाचनात आले आणि अहिंसेच्या त्यांच्या विचाराला त्याने बळ दिले. १९५० मध्ये लखनौत त्यांनी नूर मंज़िल हे मनोरुग्णालय स्थापिले. २५ जानेवारी १९७३ रोजी बरेलीस त्यांचे निधन झाले. लखनौचा आश्रम जेमतेम पाच वर्षे टिकला. पण त्याने विचारलेला प्रश्न मालमत्ता बाळगणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेपुढे अद्याप तसाच उभा आहे.