अंधारात पाडलेली साडेचार लाख छिद्रं: दादासाहेब फाळके फिल्म कशी बनवायचे?

फोनमध्ये टाइम-लॅप्स सुरू करायला किती वेळ लागतो? कॅमेरा उघडा, मोड बदला, बटण दाबा. झालं. १९१२ मध्ये मुंबईत एका माणसाने हेच काम वाटाण्याच्या दाण्यावर केलं. त्याला महिनाभराहून जास्त वेळ लागला. पण त्या छोट्याशा क्लिपच्या जोरावरच त्याच्या पहिल्या चित्रपटासाठी पैसे उभे राहिले.

तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब. त्यांच्या नावाचा पुरस्कार सगळ्यांना माहीत असतो. पण हा माणूस रोज नेमकं काय काम करायचा, ते आज बघूया.

आधी सगळे सुटे पार्ट जमा झाले

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश, मग बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. पुरातत्त्व खात्यात काम केलं, राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केलं. मधेच जादूचे प्रयोगही शिकले. आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते खेळ करायचे.

बाहेरून बघितलं तर हा बायोडेटा विस्कळीत वाटतो. एकही काम धड टिकलेलं नाही. पण चित्र, फोटो, केमिकल, छपाई आणि जादू ही यादी पुन्हा वाचा. फिल्म बनवायला हेच तर लागतं.

१९१०-११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म बघितली आणि डोक्यात आलं की पडद्यावर आपला कृष्ण, आपला राम का नको? मग दिवसरात्र फिल्म्स बघणं आणि प्रयोग करणं सुरू झालं. त्या ताणाने काही काळ दिसेनासं झालं. उपचार झाले, दृष्टी परत आली आणि साहेब पुन्हा कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या सुरुवातीला लंडन गाठलं. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते बघितलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परत आले.

डेमो आधी, पैसे नंतर

परत आल्यावर थेट मोठा चित्रपट सुरू केला नाही. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक वेळाने मोजक्याच फ्रेम्स घेत गेले. सलग चालवल्यावर बीतून कोंब येतो, वेल वर चढतो, असं पडद्यावर दिसलं. ‘अंकुराची वाढ’ ही ती क्लिप. ती बघून एका मित्राने कर्ज दिलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला प्रूफ ऑफ कन्सेप्ट म्हणतो: पूर्ण प्रॉडक्ट नसलं तरी हे जमू शकतं एवढं सिद्ध करायचं.

एक सेकंद म्हणजे किती काम?

त्या कॅमेऱ्याला मोटर नव्हती. हँडल हाताने फिरवायचं. साधारण सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सुमारे १६ फ्रेम्स. हात मंद झाला की पडद्यावरची माणसं पळायला लागायची. कच्ची फिल्म कडेला कोरी यायची, आणि छिद्रं नसतील तर कॅमेऱ्याचे दाते तिला पुढे ओढणार कसे? म्हणून छिद्रं पाडायचं वेगळं मशीन होतं. फिल्मवर उजेड पडला तर ती वाया जाते, त्यामुळे हे काम अंधारात.

आता हिशेब करा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम्स, प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रं. फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे साडेचार लाखांहून जास्त छिद्रं. आणि हा फक्त एका कॉपीचा हिशेब.

हे काम मुख्यतः सरस्वतीबाईंनी केलं. त्या दादासाहेबांच्या पत्नी. दिवसभर युनिटमधल्या सगळ्यांचा स्वयंपाक, रात्री अंधारात छिद्रं पाडणं, फिल्म धुणं. दागिनेही त्यांचेच गहाण पडले. आजच्या भाषेत त्या टेक्निशियन, प्रॉडक्शन मॅनेजर आणि इन्व्हेस्टर, तिन्ही होत्या.

शूटिंग

सेट दादरला घराच्याच आवारात. लाइट म्हणजे सूर्य, ढग आला की काम बंद. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा. त्यामुळे कपडे, पडदे, रंगरंगोटी निवडताना डोळ्याला काय दिसतं यापेक्षा फिल्मवर काय येईल हे बघावं लागायचं. शॉट बरोबर आला की नाही, ते फिल्म धुतल्यावरच कळणार.

बायका काम करायला तयार होईनात. शेवटी तारामती झाले साळुंके, जे एका हॉटेलात काम करायचे. स्त्री भूमिकेतल्या काही पुरुषांना मिशी काढायची नव्हती, कारण वडील हयात असताना ती काढत नसत. त्यांची समजूत घालणं हेही डिरेक्टरचंच काम.

जादू इथे कामाला आली. देव अचानक प्रकट व्हायला हवा? कॅमेरा थांबवा, बाकी सगळ्यांनी जागेवर स्तब्ध राहायचं, देवाने आत येऊन उभं राहायचं, हँडल पुन्हा सुरू. रीलमध्ये जंप-कट करता, तीच ट्रिक. फरक एवढाच की इथे अनडू नाही.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तोच ओळखला जातो. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला, त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. त्याच वर्षी दादासाहेबांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही शॉर्ट फिल्मही काढली. म्हणजे बिहाइंड द सीन्स व्हिडिओ शंभराहून जास्त वर्षं जुना आहे.

मग व्हर्जन बदललं

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ मूक म्हणून बनला होता, त्यावर नंतर आवाज चढवावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट, आणि शेवटचा चित्रपट. जो माणूस एकट्याने सगळी टेक्नॉलॉजी शिकला, तिलाच नवीन टेक्नॉलॉजीने बाजूला केलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. नव्वदहून जास्त चित्रपट त्यांनी केले. त्यातले बहुतेक आज अस्तित्वातच नाहीत. तेव्हाची नायट्रेट फिल्म झटकन पेट घ्यायची, नुसती ठेवली तरी कुजायची. आणि बॅकअप कोणी घेत नव्हतं.

एक करून बघा. मूग पेरा, फोन स्टँडवर लावा आणि रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी दहा फोटो काढा. दहाव्या दिवशी ते सलग चालवा. तोपर्यंत किती वेळा कंटाळा आला ते मोजा, आणि मग अंधारात बसून छिद्रं पाडणाऱ्या सरस्वतीबाईंची आठवण काढा.