ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ

वर्षप्रतिपदेच्या प्रातःकाळी देवालयाच्या सभामंडपात नवे पंचांग श्रींच्या चरणी ठेवले जाते. हळदकुंकू वाहिल्यावर जोशी ते उघडतात व संवत्सरफल वाचून दाखवितात. मग वर्षभरातील उत्सवांच्या तिथी महाजन मंडळी टिपून घेतात. पालखी कोणत्या दिवशी निघावयाची, जन्मोत्सवाचा पाळणा कोणत्या रात्री हलवावयाचा, होळी कोणत्या सायंकाळी पेटवावयाची, याचा निर्णय या लहानशा पुस्तकावर होतो. घरातील मुंज, विवाह, वास्तुशांती यांचे मुहूर्तही त्यातूनच निघतात. या पुस्तकातील घटिका व पळे कोणी गणिली, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकाचा मोठा भाग, तसेच इंदूर व ग्वाल्हेर या सर्व प्रांतांपुरते बोलावयाचे तर शतकानुशतके त्याचे उत्तर एकच होते. ही गणना नांदगावच्या गणेश दैवज्ञांची होती.

नांदगाव हे कोकणच्या किनाऱ्यावरील गाव. आजच्या रायगड जिल्ह्यात, मुरुडच्या उत्तरेस ते वसले आहे. ग्रंथांतून त्याचा उल्लेख नंदिग्राम असा येतो. पुढे समुद्र, मागे डोंगर आणि मध्ये नारळीपोफळींच्या बागा असे हे स्थळ आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस येथे केशव दैवज्ञ या नावाचे कौशिकगोत्री ज्योतिषी राहत असत. त्यांच्या पित्याचे नाव कमलाकर, गुरूंचे नाव वैद्यनाथ. जातकपद्धती, ताजिकपद्धती असे अनेक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. त्यांपैकी मुहूर्ततत्त्व हा ग्रंथ मुहूर्तशास्त्रात मान्यता पावला. तथापि केशवांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या ग्रंथसंख्येत नव्हते. ते आकाशाकडे पाहणारे ज्योतिषी होते. शक १४१८, म्हणजे इ. स. १४९६ मध्ये त्यांनी ग्रहकौतुक हा करणग्रंथ रचला. त्यावरील आपल्याच टीकेत, कोणता ग्रह कोणत्या सिद्धांताप्रमाणे आकाशात प्रत्यक्ष मिळतो व कोणता मिळत नाही, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन नमूद केले. पुढील गणितज्ञांनीही असेच करीत राहावे, असा त्यांचा अभिप्राय होता.

केशव दैवज्ञांविषयी एक आख्यायिका परंपरेने चालत आली आहे. त्यांनी वर्तविलेले एक ग्रहण सांगितल्या वेळी लागले नाही. तेव्हा त्या प्रांताच्या अधिपतीने त्यांचा उपहास केला. खिन्न झालेल्या केशवांनी नांदगावच्या गणपतीच्या देवालयात अनुष्ठान आरंभिले. श्रींनी स्वप्नात येऊन सांगितले की, या वयात ग्रहांचे शोधन तुमच्या हातून पूर्ण होणार नाही, ते कार्य मी तुमच्या पोटी जन्म घेऊन करीन. त्यानंतर झालेल्या पुत्राचे नाव गणेश असे ठेवण्यात आले.

आख्यायिकेतील दैवी भाग श्रद्धेचा आहे, पण तिच्यातील व्यथा अगदी खरी आहे. चंद्रग्रहणाचा मध्य आणि पौर्णिमेचा अंत हे जवळजवळ एकाच क्षणी येतात. इतर दिवशी तिथी चुकली तर ती सामान्य माणसास दिसत नाही, कारण तिथी ही डोळ्यांनी पाहण्याची वस्तूच नव्हे. ग्रहणाच्या रात्री मात्र अवघा गाव अंगणात उभा असतो व जोशांच्या गणिताची परीक्षा चंद्रच घेतो. ग्रहण चुकले, म्हणजे ज्या गणिताने वर्षभराच्या एकादश्या, श्राद्धे व मुहूर्त सांगितले, तेही संशयास्पद झाले. केशवांचे दुःख मानहानीइतकेच या संशयाचे असले पाहिजे.

गणेश दैवज्ञांचा जन्म इ. स. १५०७ च्या सुमारास झाला. मातेचे नाव लक्ष्मी. तो काळ मोठ्या घडामोडींचा होता. बहामनी राज्य मोडून अहमदनगर व विजापूर येथे नव्या शाह्या उभ्या राहिल्या होत्या. गणेश बालक असतानाच, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवे जिंकले. अशा अस्थिर काळातही नांदगावच्या त्या घरात अध्ययनाचा क्रम अखंड चालू होता. विद्या पित्याकडूनच मिळाली. सिद्धांतग्रंथांबरोबर वेध घेण्याचा अभ्यासही त्यांना वडिलांच्या सहवासात लाभला.

शक १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे वर्ष आरंभस्थान धरून त्यांनी ग्रहलाघव हा आपला विख्यात ग्रंथ सिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. लाघव म्हणजे हलकेपणा. ग्रहगणिताचे ओझे हलके करणारा ग्रंथ हा नावाचा अर्थ, आणि तो सर्वार्थाने सार्थ ठरला. सिद्धांताच्या रीतीने ग्रह काढावयाचा तर कलियुगाच्या आरंभापासून लोटलेले दिवस मोजावे लागत. शक १४४२ मध्ये ही संख्या सोळा लाख सत्त्याऐंशी हजारांवर गेली होती. एवढ्या मोठ्या राशीने गुणाकार व भागाकार करताना पाटीवरचा एखादा अंक चुकला की सारा श्रम वाया जाई. गणेश दैवज्ञांनी अकरा वर्षांचे एक चक्र कल्पिले. अशा चक्राचे ४०१६ दिवस होतात. लोटलेल्या चक्रांचा हिशेब ठरलेल्या अंकांनी वेगळा करावयाचा व चालू चक्रातील दिवसांपुरतेच गणित करावयाचे, अशी योजना त्यांनी केली. त्यामुळे दिवसांची संख्या चार हजारांच्या फारशी पलीकडे जात नाही. दुसरी सुधारणा याहून धाडसी होती. ज्या व चाप यांच्या कोष्टकांवाचून ग्रहगणित होत नाही, अशी समजूत होती. त्यांनी ती कोष्टके संपूर्ण ग्रंथातून काढून टाकली व त्यांच्या जागी सुटसुटीत रीती दिल्या. पूर्वसूरींनी क्वचित एखाद्या ठिकाणी केलेली गोष्ट आपण सर्वत्र साधली, हे त्यांनी नोंदविले. तरीही आपली बुद्धी त्यांच्याच ग्रंथांवर वाढली असल्याने गर्वास जागा नाही, असेही विनयाने सांगितले.

परंतु केवळ सोपेपणा हे ग्रहलाघवाचे मर्म नव्हे. त्या काळी ज्योतिषांत सौर, आर्य व ब्राह्म असे तीन पक्ष होते. आपल्या पक्षाचा त्याग करणे हे कुलाचार मोडण्यासारखे मानले जाई. गणेश दैवज्ञांनी कोणत्याही एका पक्षाचा हट्ट धरला नाही. जो ग्रह ज्या पक्षाने आकाशात मिळतो, तो त्या पक्षाचा घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. सूर्य व चंद्रोच्च त्यांनी सौरपक्षाचे घेतले. चंद्रही सौराचाच, पण नऊ कला कमी करून घेतला. मंगळ, गुरू व राहू आर्यपक्षाचे घेतले. बुधाचे केंद्र ब्राह्माचे धरले, तर शुक्राचे ब्राह्म व आर्य यांच्या मधोमध ठेवले. शनी आर्यपक्षाचा घेऊन त्यात पाच अंश मिळविले. तेराव्या वर्षाची परंपरा खरी असो वा नसो, नांदगावच्या किनाऱ्यावर पितापुत्रांनी घेतलेल्या वेधांवाचून असा निवाडा करता येणे शक्य नव्हते.

पाच वर्षांनी, शक १४४७ मध्ये, त्यांनी लघुतिथिचिंतामणी रचला. पंचांगाच्या दृष्टीने पाहता या ग्रंथाचे महत्त्व ग्रहलाघवाहून कमी नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण ही पंचांगाची पाच अंगे. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती सारखी नसल्याने कोणतीही तिथी नेमकी साठ घटिकांची नसते. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते व वृद्धी होते, तर एखादी एकही सूर्योदय न पाहता क्षय पावते. हे सारे वर्षभरासाठी गणिताने काढणे फार कष्टाचे होते. तिथिचिंतामणीतील कोष्टकांनी ते काम थोडक्या दिवसांचे झाले. खेड्यातील साध्या जोशालाही बेरीज-वजाबाकीच्या बळावर आपल्या गावचे पंचांग करता येऊ लागले. राजाश्रय नसलेल्या देवालयांना व कुटुंबांना हा केवढा आधार होता, हे सांगावयास नको.

गणित व धर्माचरण यांचा दुवा त्यांनी कधी दृष्टिआड होऊ दिला नाही. पित्याच्या मुहूर्ततत्त्वावर त्यांनी टीका लिहिली. श्राद्धादिनिर्णय, कृष्णजन्माष्टमीनिर्णय व होलिकानिर्णय असे ग्रंथ रचले. अष्टमी सूर्योदयास पाहावी की मध्यरात्रीस, होळीच्या वेळी भद्रा असल्यास काय करावे, हे प्रश्न आजही प्रत्येक देवालयात उठतात. गणिताने तिथीचा क्षण कळतो, पण तो क्षण कोणत्या कर्मास लागू करावा हे शास्त्राने ठरते. या दोन्ही गोष्टी एकाच पुरुषाच्या ठायी एकत्र आल्या होत्या. मुहूर्ताची घटिका साधण्यासाठी त्यांनी प्रतोदयंत्राचेही विवेचन केले. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यासारख्या या साधनावर सावली पाहून वेळ कळत असे. घड्याळे नसलेल्या काळी प्रवासात त्याचा उपयोग मोठा होता.

१५४५ मध्ये त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. नियम सांगून न थांबता त्याची उपपत्ती देणे, हे तिचे वैशिष्ट्य. वर्तुळाचे टोकदार तुकडे करून ते एकमेकांत बसविले असता आयत कसा होतो व त्यावरून क्षेत्रफळ कसे निघते, हे त्यांनी दाखवून दिले. १५५२ मध्ये बृहत्तिथिचिंतामणी व १५५४ मध्ये विवाहवृंदावन या विवाहमुहूर्तावरील ग्रंथाची टीका त्यांच्या हातून पूर्ण झाली. शिष्यशाखाही विस्तारली. गोदाकाठच्या गोलग्रामचे दिवाकर हे त्यांचे शिष्य. दिवाकरांचे पुत्र मल्लारी व विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या. या घराण्याच्या द्वारे नांदगावची विद्या काशीपर्यंत पोहोचली.

बृहत्तिथिचिंतामणीत गणेश दैवज्ञांनी एक विचार मांडला आहे. तोच त्यांच्या जीवनाचा निष्कर्ष म्हणावा लागेल. प्राचीन ऋषींनी सांगितलेले गणित कालांतराने ढिले पडले. मग आर्यभटादी आचार्यांनी ते सुधारले. तेही पुढे ढिले पडले व इतरांनी सावरले. अखेर पित्याने व त्यांनी स्वतः ते शुद्ध केले. हेही कधी काळी ढिले पडेल. तेव्हा ग्रहणे व युती पाहून ते पुन्हा शुद्ध करावे, असे त्यांनी भावी पिढ्यांस सांगून ठेवले. आपला ग्रंथ अखेरचा नव्हे, असे स्वतःच्याच ग्रंथात लिहिणारा ग्रंथकार विरळा.

दैवदुर्विलास असा की, ज्यांनी ग्रहलाघव मुखोद्गत केले, त्यांनीच हा उपदेश विसरला. तीनशेहून अधिक वर्षे कोष्टके तीच राहिली, पण आकाशाकडे पाहण्याची सवय सुटली. एकोणिसाव्या शतकात ग्रह व गणित यांतील अंतर उघड दिसू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शक १७८७, म्हणजे १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग या नावाने ओळखले गेले. बागलकोट येथे शिक्षकी पेशात असलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ज्योतिर्गणित रचले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिःशास्त्रात गणेश दैवज्ञांच्या कार्याचे साक्षेपी मूल्यमापन केले. लोकमान्य टिळकांनीही पंचांगशोधनाचा पुरस्कार केला.

त्यातून वाद उद्भवले. जुन्या गणिताने तिथी फार तर पासष्ट घटिकांपर्यंत वाढे व चौपन्नांपर्यंत घटे. नव्या गणिताने ती सदुसष्टांपर्यंत वाढू व पन्नासांपर्यंत घटू लागली. पौर्णिमा व अमावास्या यांच्यापाशी दोन्ही गणिते बरीच जुळत, कारण जुने गणित ग्रहणांवर कसलेले होते. अष्टमीच्या सुमारास मात्र कित्येक घटिकांचे अंतर पडे. परिणामी एकाच गावात दोन दिवस एकादशी झाली, एका घराण्याच्या दोन शाखांनी श्राद्धे वेगवेगळ्या दिवशी केली. जुन्या पंचांगाचे अभिमानी गणेश दैवज्ञांचे नाव पुढे करीत आणि नव्याचा पुरस्कार करणाऱ्यांस परंपरेचे द्रोही ठरवीत. त्यांच्या भावनेत निष्ठा होती, यात संशय नाही. पूर्वजांनी ज्या दिवशी उपवास केला तो दिवस सोडणे कोणासही जड जाते.

परंतु गणेश दैवज्ञांच्या चरित्राकडे पाहिले असता या वादाचा निर्णय अवघड राहत नाही. वडिलांनी १४९६ मध्ये ग्रहकौतुक रचले असताना पुत्राने चोवीस वर्षांच्या अंतराने नवे अंक दिले. त्यात पितृद्रोह नव्हता. वडिलांच्या आज्ञेचेच ते पालन होते. पित्याचे अंक बदलून त्यांनी पित्याची परंपरा राखली. तोच न्याय त्यांच्या अंकांनाही लागू आहे. वेधाने शुद्ध केलेले पंचांग पाहून संकल्प सोडणारा आजचा उपासक गणेश दैवज्ञांना सोडून जात नाही. तो त्यांच्याच मागून चाललेला असतो.

नांदगावी सिद्धिविनायकाचे देवालय आजही आहे. केशवांचे अनुष्ठान व गणेशांचा जन्म यांची कथा त्या स्थानाशी निगडित आहे. प्रतिपदेस जोशी पंचांग उघडतात व सभामंडपातील कुजबुज क्षणभर थांबते, त्या वेळी या पितापुत्रांचे स्मरण करणे उचित होईल. श्रींच्या उत्सवाचा दिवस चुकू नये, या एका काळजीपोटी त्यांनी आपल्या रात्री समुद्रकाठी आकाशाखाली घालविल्या. ते ऋण ज्या त्या काळी आकाशाशी पडताळलेल्या पंचांगानेच फेडता येते.